खोटी दोरी

खाडीवरून येणारा वारा सकाळी दहा वाजताच पडला आणि मुरमातून वाफा निघू लागल्या. रंभानं पदर डोक्यावर घट्ट ओढला, त्यावर चुंबळ ठेवली आणि वाळूचं घमेलं उचललं. पाच-सहा घमेली टाकली की तिचा नवरा महादेव गुडघ्यांवर बसायचा, दोन पाइपांवर लाकडी फळी आडवी ठेवायचा आणि ती स्वतःकडं ओढत मागं मागं सरकायचा. फळीच्या पुढं वाळूचा ढीग गोळा व्हायचा आणि मागं वाळू ताटातल्या पिठासारखी सपाट पडायची. त्यावर मग कमळाकर पेव्हर ब्लॉक बसवत यायचा, रबरी हातोड्यानं ठोकत.

पनवेलच्या खाडीकडेला नवे टॉवर उभे राहिले होते. त्यांच्या मागं रहिवाशांसाठी बाग करायची होती आणि बागेतून वळणं घेत जाणारी फिरायची वाट. पाऊस लागायच्या आत वाट पुरी व्हायला हवी होती. महादेवची टोळी शेजारच्या तळवाड्याचीच. त्याच्या वडलांचं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागरं गेली, त्यांवर भराव पडला, आणि मिठाच्या वाफ्यांची जमीन सपाट करणाऱ्या घरातला महादेव लोकांच्या अंगणाची जमीन सपाट करू लागला. त्याच्या हाताखालचं काम उखडून परत करावं लागलं, असं कुणी सांगत नव्हतं.

वाट आता बागेच्या खाडीकडच्या टोकाला आली होती. तिथं भरतीचं पाणी अडवणाऱ्या जुन्या खारबांधाचा एक तुकडा शिल्लक होता. बाकीचा बांध भरावाखाली गेला होता, पण हा तुकडा उंच होता म्हणून वर राहिला होता, गवतानं भरलेला. तो छाटायचा, माती खोलगट भागात पसरायची आणि वाट खाडीकडं उतरती न्यायची, म्हणजे पावसाचं पाणी इमारतीकडं न येता खाडीत जाईल. एवढंच काम होतं.

पण महादेव त्या टोकाला जायचं टाळत होता. आधी म्हणाला, फाटकाकडची कड पक्की करून घेऊ. मग म्हणाला, बाकांखालची जागा करू. कमळाकर त्याचा चुलतभाऊ, वयानं थोडा मोठा. त्यानं एकदा विचारलं, "म्हादू, बांध कंदी घेतोस? साहेब इचारील." महादेव ऐकलं न ऐकलं करून जमीन ठोकायची धुमस उचलून गेला. दुपारी जेवायला सगळे बांधाच्या सावलीत बसले, तर हा उन्हात ब्लॉकच्या थप्पीवर जाऊन बसला.

रंभानं ते पाहिलं. तिला वाटलं, डोकं दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी बांधाकडं जाणं भागच होतं. महादेवनं खुंट्या ठोकल्या आणि पाण्याची नळी काढली. लांबलचक पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक महादेवकडं, दुसरं रंभाकडं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं, तिथं खुंटीवर खूण करायची. लग्नानंतर महादेव या धंद्यात पडला तेव्हापासून नळीचं दुसरं टोक रंभाच्याच हातात असायचं. दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालत नसे. म्हणायचा, हात हलतो.

"थांबलं?" त्यानं विचारलं.

"थांबलं."

त्यानं खूण केली. खुणेपासून खाली उतार धरून दोरी बांधायची. पण बांधाकडच्या खुंटीवर महादेवनं दोरी खुणेच्या खाली बांधली नाही. वर बांधली. चांगली वीतभर वर. रंभा बघत होती. तिला वाटलं, चूक झाली, आता सोडून परत बांधेल. त्यानं गाठ आवळली, तिच्याकडं न बघता नळी गुंडाळली आणि म्हणाला, "चल, घमेली आन."

तिनं घमेलं उचललं. गड्यांसमोर नवऱ्याला टोकायची तिची रीत नव्हती.

त्या दोरीच्या हिशेबानं बांध जेमतेम वरवर खरवडला गेला. गवत निघालं, वरची भुसभुशीत माती निघाली, तेवढंच. त्या टोकाला महादेवनं धुमसही हलक्या हातानं मारली. नेहमी त्याच्या धुमशीचा आवाज पोटात जायचा. तिथं ती नुसती ठेवल्यासारखी पडत होती.

चार वाजता स्वानंद आला. कंपनीचा साइट इंजिनिअर, पुण्याचा, तिशीही न गाठलेला, उन्हानं नाक सोललेलं. बोलायला बरा होता. मजुरांना अहो-जाहो करायचा. त्यानं वाटेकडं नजर टाकली, मग खाली बसून एक डोळा मिटून पाहिलं.

"महादेवदादा, हे टोक वर नाही का वाटत?"

"नाय साहेब. बराबर हाय."

"एक बादली पाणी आणा बरं."

निशा नावाची टोळीतली बाई बादली घेऊन आली. स्वानंदनं ती बांधाच्या टोकाला ओतली. पाणी क्षणभर तिथंच पसरलं, मग धूळ पांघरून हळूहळू उलटं निघालं. खाडीकडं पाठ करून, इमारतीकडं. कमळाकरनं बसवलेल्या ब्लॉकांपाशी येऊन ते साचलं.

निशानं रिकामी बादली उचलली.

"अहो, हे काय आहे?" स्वानंदचा आवाज चढला. "सगळं पाणी तळमजल्यावर जाईल. वीतभर वर आहे हे! मी तुमच्यावर विश्वास ठेवून लेव्हलचं मशीन लावून बघितलंही नाही."

महादेव खाली मान घालून उभा होता. हातातल्या थापीवरची माती अंगठ्यानं काढत होता.

"काही बोला ना. चूक झाली का?"

"झाली साहेब."

"दोरी कोणी बांधली?"

"मीच."

"एवढी वर्षं काम करताय तुम्ही. नवशिक्याला दिसेल हे." स्वानंदनं घड्याळ पाहिलं. "उद्या जेसीबी बोलावतो. बांध पूर्ण काढून टाकू, म्हणजे वादच नको. आणि तुम्हाला जमणार नसेल तर सांगा, दुसरी टोळी बघतो मी."

"जमंल," महादेव म्हणाला. आवाज इतका बारीक की तो त्याचाच होता का, असं रंभाला वाटलं.

ती घमेलं हातात धरून तशीच उभी राहिली. या माणसाला तिनं कधी चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं, कारण कामात त्याची चूक होतच नसे. एकदा एका बंगलेवाल्यानं उगाच खोट काढली, तर यानं भर पावसात त्याला नळी धरायला लावून पाणी दाखवलं होतं. तोच माणूस आज बारक्या पोरासारखा बोलणी खात होता. दोरी चुकून वर गेली नव्हती. वर बांधली होती. तिनं डोळ्यांनी पाहिली होती.

मग तिनं बांधाकडं पाहिलं. गवत निघाल्यावर तो उघडा पडला होता. त्याच्या एका बाजूला भेंडीच्या झाडाचा कापलेला बुंधा मातीतून डोकावत होता.

तिच्या हातातलं घमेलं खाली आलं.

त्यांचा पहिला मुलगा प्रणित. बसायला लागला होता, हाताला लागेल ते तोंडात घालायचा. श्रावणातल्या तापानं दोन रात्रींत गेला. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन गेले. बायका उंबऱ्याच्या आत थांबल्या. नंतर तिनं सासऱ्याला, आबाला, विचारलं होतं, कुठं ठेवलं? सासरा म्हणाला, खाडीच्या बांधावर. बांध तर कोसभर लांबीचा. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा तो महादेवकडं वळून म्हणाला, "लेकराच्या आवशीला जागा सांगायची नसते. सांगितली का ती तितंच बसून ऱ्हाते. मग घरात कोन बसल?" पुरुषांच्या बोलण्यातून भेंडीच्या झाडाचं नाव तेवढं तिच्या कानावर आलं होतं. सासरा वारला. बांध भरावाखाली गेला. तिनं धरून चाललं होतं की लेकरूही भरावाखाली गेलं.

संध्याकाळी दोघं घरी आली. भाविका त्यांची मुलगी, पनवेलला एका औषधाच्या दुकानात कामाला. ती आलेली होती. तिनं भात टाकला होता, सुकट भाजत होती. बापाचं तोंड बघून तिनं आईला खुणेनंच विचारलं. रंभानं मान हलवली.

महादेव मोरीवर पाय धूत होता. रंभा तांब्या घेऊन मागं उभी राहिली.

"तितंच हाय ना तो?"

तो पाय चोळत राहिला.

"मी इचारतंय. तितंच हाय ना?"

"हं."

"भेंडीखाली?"

"भेंडीच्या खाडीकडच्या अंगाला." त्यानं तांब्या मागितला नाही, वळलाही नाही. "काम दुसऱ्याला गेलं असतं तर त्यानं मशीन लावून खरवडला असता. म्हंटलं, आपून घेऊ. वरच्यावर काडू न् झाकून टाकू. कोनाला कलनार नाय."

"मना पन नाय?"

"तुला सांगून काय करू, रंभे? तू रोज घमेलं घेऊन त्याच्यावरून येनार-जानार. मी बघतंय ते पुरं हाय."

इतकी वर्षं हा एकटाच तिथं जाऊन येत होता, मनानं का होईना. तिला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. दोन्हींतलं तिनं काहीच केलं नाही.

"खोल किती?"

आता तो वळला. "तेच तर ठावं नाय. पानी लागत होतं खड्ड्यात. आबा खनत होता, मी त्याला घेऊन उभा. कमरेएवढा म्हंटला आबा, पन तेवडा झाला का नाय, मना काय दिसत होतं तवा? वर कुत्र्यांच्या भीतीनं दगड लावलं. साहेबाच्या लेव्हलला गुडघाभर तरी जायला पायजे. त्याच्या खाली परत मुरूम, वाळू. माजा हिशेब लागत नाय."

भाविका चुलीपाशी उभी होती. सुकट करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली.

"कोण गं आई?" तिनं विचारलं.

"जेवाला वाढ," रंभा म्हणाली.

सकाळी जेसीबी फाटकाशी उभा होता, ड्रायव्हर विडी ओढत होता. स्वानंद फोनवर बोलत आत आला. महादेवनं त्याच्याकडं दोन पावलं टाकली आणि थांबला. मग रंभाच पुढं गेली. तिला साहेबाशी बोलायची सवय नव्हती. हातात काहीतरी हवं म्हणून तिनं पदराचं टोक धरलं.

"साहेब, त्यांची चूक नाय. त्यांनी जानून दोरी वर बांधली."

"म्हणजे?"

"तितं आमचा पोऱ्या हाय. बांधात. पुरलेला."

स्वानंदनं फोन कानापासून खाली घेतला. तो तिच्याकडं, मग महादेवकडं, मग बांधाकडं बघत राहिला.

"कधी?"

"झाली वर्सं. माजी भाविका, आता कामाला जानारी, ती त्याच्या मागची."

"पण हे... मला कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर इथे काहीच नाही. मोकळी जागा आहे."

"कागदावर कसा असंल, साहेब?" रंभा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

तो बाजूला गेला, कुणाला तरी फोन लावला. बराच वेळ बोलत होता. एकदा त्याचा आवाज मोठा झाला, "सर, मी काय करू मग?" आणि परत खाली आला. ड्रायव्हरची विडी संपली. कमळाकरनं टोळीला लांब, बाकांकडं नेलं. त्याला सगळं माहीत होतं हे रंभाला तेव्हा कळलं. तोही त्या दिवशी गेलेल्या पुरुषांत असणार.

स्वानंद परत आला तेव्हा त्याच्या नाकावर घाम होता.

"प्लॅन बदलणार नाहीत ते. वाट तिथूनच जाणार." तो थांबला. "जेसीबी मी परत पाठवतो. तुम्ही तुमच्या हातानं काढा. लेव्हल मात्र बरोबर यायला हवी, दादा. मला वर उत्तर द्यायचंय."

महादेवनं मान हलवली.

"आणि एक. हे कुणाला बोलू नका. टोळीलाही सांगून ठेवा. लोक राहायला यायचेत इथे, त्यांच्या कानावर गेलं तर..." त्यानं फोन खिशात घातला. "प्लीज."

रंभाला वाटलं, अंगावर कुणी चूळ टाकली. तिचं लेकरू म्हणजे लपवायची गोष्ट. पण जेसीबी मागं वळत होता, त्याचं लोखंडी तोंड फाटकातून बाहेर जात होतं. ती म्हणाली, "नाय बोलनार."

दोघंच बांधाकडं गेली. महादेवनं खुंटीवरची दोरी सोडली आणि खुणेच्या खाली, जिथं बांधायला हवी होती तिथं बांधली. मग तो टिकाव घ्यायला वाकला. रंभानं टिकाव बाजूला सारला.

"टिकाव नको."

त्यानं फावडं घेतलं. तिनं थापी. तो कडेची माती काढायचा, ती मधली. थापीनं थोडं थोडं सुटं करायची, ओंजळीनं घमेल्यात भरायची. घमेलं भरलं की तो उचलून खोलगट भागात नेऊन टाकायचा. ऊन चढलं. तिच्या पाठीवर घामानं पोलकं चिकटलं, नखांत माती गेली. भेंडीची जुनी मुळं आडवी लागायची. ती तोडायची नाहीत, सोडवून घ्यायची, असं ती करत होती. निशा पाण्याची बाटली ठेवून निघून गेली.

दुपार कलली तेव्हा थापी टणकन वाजली.

दोघं थांबली. रंभानं हातानं माती सारली. चपटा काळा दगड. त्याला लागून दुसरा. सांध्यांत बारीक खडे दाबलेले. मिठागराच्या बांधाला जसे दगड लावतात, तसेच एकमेकांत बसवलेले. सासऱ्याच्या हातचे.

महादेव तिथंच खाली बसला. त्यानं तोंडावर कोपर घेतलं. इतक्या वर्षांत रंभानं त्याला रडताना पाहिलं नव्हतं; त्या दिवशीही तो घरी येऊन गोठ्यात गेला होता. तिनं दगडांवरची माती फुंकरीनं काढली. तळहात ठेवला. मातीतून निघालेला दगड अजून गार होता.

"डोकं कुनीकडं?" तिनं विचारलं.

"खाडीकडं."

तिनं हात तिकडं सरकवला आणि ठेवला.

स्वानंद आला तेव्हा दोघं तशीच होती. तो लांबच थांबला, बूट काढावेत की नाही असा घोटाळला, मग काढले. महादेव उठला. दोरीपासून दगडापर्यंतचं अंतर त्यानं पट्टीनं घेतलं, कारण ते घ्यायलाच हवं होतं.

"मुरमाला जागा कमी पडते, साहेब. चार बोटं."

स्वानंद वाकला. दगडांकडं पाहून त्यानं नजर वळवली. "दगड काढू नका. तेवढ्या जागेत मुरूम कमी टाका. नुसती वाळू आणि ब्लॉक."

"खचंल कुनी म्हनंल."

"दगड आहे ना खाली. नाही खचणार." मग तो म्हणाला, "मी लिहून देतो तसं."

दगडांच्या भोवतीनं मुरूम पडला. तो दाबायची वेळ आली. महादेवनं धुमस उचलली आणि तशीच धरून उभा राहिला. रंभानं चपला काढल्या, साडी वर खोचली आणि पायांनी मुरूम तुडवू लागली. टाच आधी, मग चवडा, टाचेला टाच लावून. तिची सासू मिठाच्या वाफ्याचा चिखल असाच तुडवायची. महादेवनं धुमस आडवी ठेवली आणि तोही उतरला. दोघं शेजारी शेजारी, दगडांच्या कडेकडेनं फिरत राहिली. दगडांवर पाय पडू देत नव्हती. खडे टोचत होते. लांबून कमळाकर आला, त्यानं पाहिलं, चपला काढल्या आणि दुसऱ्या बाजूनं तुडवू लागला.

वाळू टाकायच्या वेळी रंभानं फळी मागितली. महादेवनं ती तिच्या हातात दिली आणि स्वतः चुंबळ डोक्यावर ठेवून घमेलं उचललं. तिनं फळी ओढली. आधी वाळूत लाटा राहिल्या. तिनं परत ओढली. तिसऱ्यांदा वाळू सपाट झाली. महादेवनं नळी आणली. एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं.

"थांबलं?"

"थांबलं."

बादलीभर पाणी ओतलं तेव्हा ते खाडीकडं गेलं.

पावसाळा होऊन गेला. दिवाळीनंतर टॉवरमध्ये लोक राहायला आले. एका रविवारी रंभा, महादेव आणि भाविका फाटकाशी आले. भाविकाला आईनं एवढंच सांगितलं होतं की तुला काहीतरी दाखवायचंय.

वॉचमन नवा होता. "कुठं जायचं मावशी? फ्लॅट नंबर?"

"बागेत. आमी काम केलंय हितं."

"काम संपलं ना? आता पास लागतो. नाहीतर कुणीतरी आतून फोन करायला पाहिजे."

महादेव काही बोलायला गेला. रंभानं त्याचा दंड धरला. तिघं भिंतीच्या कडेनं चालत मागं खाडीकडं गेली. तिथं भिंत संपून जाळी होती. चिखलात बगळे होते. भरती ओसरत होती.

जाळीतून बाग दिसत होती. हिरवळ, बाकं, लाल-करड्या ब्लॉकांची वाट. वाटेवरून एक आजोबा काठी टेकत येत होते. मागून एक बाई बाबागाडी ढकलत होती. तिच्या कानात वायरी होत्या.

"काय बघायचंय?" भाविकानं विचारलं.

रंभानं जाळीतून बोट आत घातलं. "तुज्या आधी एक पोऱ्या होता आमाला. प्रणित नाव. तो तितं हाय. त्या वळनावर, बाकाच्या अल्याड."

भाविका आईकडं बघत राहिली, मग वाटेकडं. बाबागाडी वळणावर आली, अडखळली नाही, सरळ पुढं गेली.

"तिथं?" तिनं विचारलं.

महादेवनं रंभाचं मनगट धरलं आणि तिचं बोट किंचित डावीकडं वळवलं.

"हितं," तो म्हणाला. "डोकं आपल्याकडं हाय."

आतून वॉचमन शिट्टी वाजवत त्यांच्याकडं येत होता, हातानं लांब व्हा म्हणत होता. तिघांपैकी कुणीच हललं नाही.